दंडुक्याला सत्य सापडत नाही!

"मारल्याशिवाय गुन्हेगार बोलत नाही," हे वाक्य आपल्या देशात इतक्या वेळा बोलले जाते की ते खरे आहे की खोटे, हे तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही. चहाच्या टपरीवर हेच ऐकू येते, टीव्हीवरील चर्चेत हेच ऐकू येते आणि न्यायालयाच्या आवारात, जिथे निदान कायदा शिकलेली माणसे उभी असतात, तिथेही आम्ही हेच ऐकत आलो आहोत. चित्रपटातला पोलीस आरोपीला उलटा टांगतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजविणाऱ्यांत आपल्या वस्तीतील तरुणही असतात, याचे आम्हाला अधिक दुःख होते. कारण पडद्याबाहेर उलटे टांगले जाते तेव्हा पहिला नंबर त्यांच्यापैकीच कोणाचा तरी लागतो.

पोलिसी छळाविरुद्ध बोलताना आपण नेहमी नीतीची, माणुसकीची बाजू मांडतो. ती बाजू योग्यच आहे. पण समोरचा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. "शहरात बॉम्ब ठेवलेला आहे, तासाभरात तो फुटणार आहे आणि ज्याला जागा ठाऊक आहे तो तुमच्या ताब्यात आहे. मग काय त्याला चहा पाजणार?" या प्रश्नापुढे आपले अनेक कार्यकर्ते गप्प होतात. एका पारड्यात नीती आणि दुसऱ्या पारड्यात शेकडो जीव, असा तराजू मांडला की नीतीचे पारडे हलके वाटू लागते.

म्हणून आज आम्ही नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवतो आणि त्यांचाच मुद्दा तपासायला घेतो. छळाने खरी माहिती मिळते काय? एखादी गोष्ट परंपरेने चालत आली, अनेकांनी सांगितली, मोठ्या माणसाने सांगितली म्हणून ती मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. त्याच कसोटीवर ही 'थर्ड डिग्री' घासून पाहू.

एका खोट्या जबाबाची किंमत

जगात या विषयावर सर्वांत मोठा वाद अमेरिकेत झाला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तेथील सरकारने ठरविले की, आता नेहमीचे नियम पुरे झाले. पैसा, तज्ज्ञ, गुप्त तुरुंग, सरकारी वकिलांची लेखी परवानगी, सगळे हाताशी होते. छळ उपयोगी पडतो हे कोणाला सिद्ध करून दाखवायचेच असते, तर याहून चांगली संधी मिळणे शक्य नव्हते.

२००१ च्या अखेरीस इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा अल-कायदाशी संबंधित माणूस पकडला गेला. सुरुवातीला एफबीआयचे अधिकारी त्याच्याशी नेहमीच्या पद्धतीने बोलत होते. मग सीआयएने त्याला त्यांच्याकडून काढून घेतले आणि इजिप्तच्या स्वाधीन केले. तिथे त्याला मारहाण झाली, अरुंद पेटीत तासन् तास कोंडण्यात आले. त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे इराक आणि अल-कायदा यांचे नाते. अखेर त्याने ती दिली. इराकने अल-कायदाला रासायनिक आणि जैविक अस्त्रांचे प्रशिक्षण दिले, असे तो म्हणाला.

अमेरिकेच्याच लष्करी गुप्तचर संस्थेने फेब्रुवारी २००२ मध्ये या जबाबाविषयी शंका नोंदविली होती. पण हवे ते उत्तर मिळाल्यावर शंका कोण ऐकतो? ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत, साऱ्या जगासमोर, हीच माहिती पुरावा म्हणून मांडली. पुढच्याच महिन्यात इराकवर युद्ध लादले गेले. २००४ मध्ये अल-लिबीने सांगितले की, छळ थांबावा म्हणून आपण ती गोष्ट रचली होती. सीआयएने तो जबाब मागे घेतला. पण बगदादवर पडलेले बॉम्ब मागे घेता आले नाहीत. २००९ मध्ये लिबियाच्या तुरुंगात अल-लिबी मरण पावला.

बॉम्ब शोधण्यासाठी छळ करावा, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. छळातून निघालेल्या एका खोट्या वाक्याने लाखो लोकांच्या डोक्यावर बॉम्ब पडायला हातभार लावला.

साठ लाख पानांचा पडताळा

अल-लिबीचे प्रकरण हा अपवाद होता, असे कोणी म्हणेल. म्हणून पुढचा पुरावा पाहू. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीने सीआयएच्या या साऱ्या कार्यक्रमाची चौकशी केली. साठ लाखांहून अधिक पाने तपासली गेली. ९ डिसेंबर २०१४ रोजी तिच्या अहवालाचा पाचशेहून अधिक पानांचा सारांश प्रसिद्ध झाला. त्यानुसार सीआयएने ११९ जणांना कोंडून ठेवले होते. त्यांपैकी किमान २६ जणांना तिच्या स्वतःच्या निकषांनुसारही कोंडायला नको होते. ३९ जणांवर छळाचे प्रकार झाले आणि त्यांतील ७ जणांकडून कोणतीही गुप्त माहिती मिळाली नाही. गुल रहमान नावाचा कैदी नोव्हेंबर २००२ मध्ये अफगाणिस्तानातील गुप्त तुरुंगात थंडीने गारठून मेला. छळाने यश मिळाले म्हणून सीआयए जी २० प्रमुख उदाहरणे सांगत होती, ती समितीने एकेक करून तपासली. एकही उदाहरण टिकले नाही. कुठे ती माहिती आधीच दुसरीकडून मिळालेली होती, कुठे कैद्याने ती छळापूर्वीच सांगितलेली होती, तर कुठे छळाचा आणि त्या यशाचा संबंधच नव्हता.

अबू झुबैदा याचे उदाहरण घ्या. मार्च २००२ मध्ये तो जखमी अवस्थेत पाकिस्तानात पकडला गेला. एफबीआयचे अधिकारी अली सुफान यांनी त्याच्या जखमांची देखभाल करीत, त्याच्याच भाषेत त्याच्याशी संवाद केला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद आहे, हे त्या संवादातून कळले, अशी साक्ष सुफान यांनी २००९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिली. यानंतर झुबैदाचा ताबा सीआयएच्या छळतज्ज्ञांकडे गेला. माणसाला फळीवर उताणे बांधायचे, तोंडावर कापड टाकायचे आणि वरून पाणी ओतून त्याला बुडण्याचा अनुभव द्यायचा, याला ते 'वॉटरबोर्डिंग' म्हणतात. ऑगस्ट २००२ मध्ये त्याच्यावर हा प्रयोग ८३ वेळा झाला. पुढच्या हल्ल्याची जी माहिती त्याच्या पोटात दडली आहे असे सांगितले जात होते, ती निघाली नाही. कारण ती त्याच्याकडे नव्हतीच. खालिद शेख मोहम्मदवर हाच प्रयोग १८३ वेळा झाला. त्याने रचून सांगितलेल्या गोष्टींच्या मागे तपास यंत्रणा धावत राहिली.

सीआयएने हा अहवाल मान्य केला नाही, हेही वाचकांना सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्यांच्यावर हे प्रयोग झाले त्या कैद्यांकडून उपयुक्त माहिती मिळाली, असे तिचे म्हणणे होते. पण ती माहिती छळामुळेच मिळाली का, असे विचारल्यावर तिचे तेव्हाचे प्रमुख जॉन ब्रेनन यांना, ते कळू शकत नाही, असेच म्हणावे लागले. जगातील सर्वांत सामर्थ्यवान गुप्तचर संस्थेला इतक्या वर्षांनंतर एवढेच म्हणता येत असेल, तर आमच्या तालुक्याच्या ठाण्यातील फौजदार कोणत्या आधारावर छातीठोकपणे सांगतो की, "दोन पट्टे पडले की पोपटासारखा बोलतो"?

पोपट काय बोलतो?

बोलतो, हे खरेच आहे. प्रश्न तो काय बोलतो हा आहे. अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅकेन हे व्हिएतनामच्या युद्धात साडेपाच वर्षे कैदेत होते. त्यांच्या पथकातील सहकाऱ्यांची नावे काढण्यासाठी त्यांचा छळ झाला, तेव्हा त्यांनी आपल्याकडील एका फुटबॉल संघातील खेळाडूंची नावे सांगून टाकली. मारणाऱ्याचे समाधान झाले. मॅकेन हे काही पुरोगामी नव्हते, ते कट्टर लष्करी विचाराचे रिपब्लिकन होते. पण छळ म्हणजे काय हे त्यांच्या हाडांना ठाऊक होते. म्हणून आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध ते छळबंदीसाठी उभे राहिले.

आमच्या वकिलीत याचाच देशी अनुभव आम्ही घेतला आहे. चोरीच्या संशयावरून धरलेला एक तरुण आम्हाला न्यायालयाच्या व्हरांड्यात भेटला. त्याने चार साथीदारांची नावे पोलिसांना सांगितली होती आणि त्या चौघांनाही उचलले गेले होते. आम्ही विचारले, "ही चारच नावे का सांगितलीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "वकील साहेब, त्यांची पूर्ण नावं आणि घरं मला माहीत होती. बाकी काही नव्हतं. नुसतं नाव सांगितलं तर मार थांबत नव्हता, पत्ता पण लागत होता." त्या चौघांपैकी दोघे त्याचे चुलतभाऊ होते.

यात त्या तरुणाच्या स्वभावाचा दोष नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील मेंदूशास्त्रज्ञ शेन ओमारा यांनी २०१५ मध्ये या विषयावर ग्रंथच लिहिला. झोप न देणे, वेदना, भीती, गुदमरणे यांनी माणसाची स्मरणशक्तीच बिघडते, असे ते दाखवितात. म्हणजे ज्या मेंदूतून माहिती काढायची, त्याच मेंदूला आधी ठेचायचे, असा हा शहाणपणा आहे. तेव्हा माणसापुढे एकच काम उरते. समोरच्याला काय ऐकायचे आहे ते ओळखायचे आणि बोलायचे.

आता त्या बॉम्बच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. ज्याला जागा खरोखर ठाऊक आहे, त्याला फक्त एक तास काढायचा असतो. त्याने चुकीचा पत्ता सांगितला की पोलिसांची धावपळ तिकडे आणि स्फोट इकडे! आणि ज्याला काहीच ठाऊक नाही, तो तर चुकीचाच पत्ता सांगणार. दोघांची उत्तरे दिसायला सारखी असतात. ती खरी की खोटी हे ठरविण्यासाठी शेवटी तपासच करावा लागतो. मग तो तपास आधीच का करू नये?

आपल्याच कायद्याने दिलेली कबुली

हे सारे परदेशातले झाले, असे कोणी म्हणू नये. दंडुक्याच्या कबुलीवर विश्वास ठेवू नये, हे भारतातील कायद्याने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करण्यासाठी आणि गुन्हे कबूल करवून घेण्यासाठी रयतेचा किती अमानुष छळ होतो, याचा चौकशी अहवाल १८५५ मध्ये बाहेर आला. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि नंतर १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये तरतूद झाली की, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम २३ मध्ये ती तरतूद कायम आहे. पुरावा कायदा रचणारे स्टीफन यांनीही नोंदविले आहे की, अशा छळामागे पुष्कळदा क्रौर्यापेक्षा आळस असतो. पुरावा शोधायला उन्हातान्हात हिंडावे लागते, मारायला ठाण्यातली खोली पुरते!

परंतु याच कायद्याला भोके पाडण्यात आली. 'टाडा', मग 'पोटा' आणि महाराष्ट्रात १९९९ चा 'मोक्का', या कायद्यांनी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला. दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारी मोडायची तर हे हवेच, असे सांगितले गेले. त्याचे फळ काय मिळाले?

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात बॉम्बस्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मेली. 'मोक्का'खाली खटला चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले, त्यांतील पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांच्यापैकी एकजण २०२१ मध्ये तुरुंगातच वारला होता. ज्यांच्यावर खटल्याची भिस्त होती, ते कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे न्यायालयाला दिसून आले. अनेक जबाबांतील मजकूर एकमेकांशी मिळताजुळता निघाला. स्फोटात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले, हेदेखील सरकार पक्षाला सिद्ध करता आले नव्हते. राज्य शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश दिला. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठविले नाही.

उच्च न्यायालयाने जे सांगितले त्याचा आशय प्रत्येक नागरिकाने लक्षात ठेवावा असा आहे. गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला, तर समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच फिरत राहतो. आम्ही विचारतो, लोकलमध्ये ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घराला १९ वर्षांनी काय मिळाले? ज्यांची तारुण्याची वर्षे तुरुंगात गेली त्यांना काय मिळाले? मग या छळाचा लाभ झाला तो कोणाला?

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे सांगतो. ३१ जुलै २०२५ रोजी २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातील सातही आरोपी सुटले. त्या खटल्यातील आरोपींनीही तपासात छळ झाल्याचे आरोप केले होते. त्यांच्या विचारांशी आमचे आयुष्यभराचे वैर आहे. तरीही आमचे म्हणणे बदलत नाही. विरोधकाला पट्टा पडला तर योग्य आणि आपल्या माणसाला पडला तर अन्याय, असा दुटप्पीपणा मनुस्मृतीत चालत होता. बाबासाहेबांच्या संविधानात तो चालणार नाही.

परभणीत कोणती माहिती काढायची होती?

'देशाच्या सुरक्षेसाठी' म्हणून एकदा दंडुक्याला मोकळीक दिली की तो दहशतवाद्याच्या पाठीवर थांबत नाही. तो सवयीने चालू लागतो. आणि सवयीने चालतो तेव्हा जात बघून चालतो. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्या पारध्यांच्या पालांवर, वडार-कैकाड्यांच्या वस्त्यांवर तो कायदा १९५२ मध्ये रद्द होऊनही आजतागायत काय घडते, हे आम्ही सांगायला हवे काय?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर धरपकड झाली. वडार समाजातील सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. आजाराचे कारण पुढे करण्यात आले. परंतु शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि त्या महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

परभणीत कोणता बॉम्ब टिकटिकत होता? संविधानाच्या सन्मानासाठी जमलेल्या, कायदा शिकणाऱ्या पोराकडून कोणती गुप्त माहिती काढायची होती? छळ माहितीसाठी असतो, हे म्हणणे येथे उघडे पडते.

संविधान भिंतीवर टांगण्यासाठी नाही

१५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत एक नवे कलम मांडले. आज ते अनुच्छेद २२ आहे. अटकेचे कारण कळण्याचा हक्क, वकिलाचा हक्क, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे बंधन, हे सारे त्यात आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून 'योग्य न्यायप्रक्रिया' हे शब्द गळाले होते, त्याची भरपाई म्हणून आपण हे आणत आहोत, अशी त्यांची भूमिका होती. कोठडीच्या बंद दाराआड काय होऊ शकते, हे त्या महामानवाने ओळखले होते. भारताने १९९७ मध्ये छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. लोकसभेने २०१० मध्ये छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केले, ते राज्यसभेत अडकले आणि बारगळले. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात पुन्हा मसुदा दिला, तोही कायदा झाला नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर हाती असलेली हत्यारे तरी आपण वापरतो काय? डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आहे की, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हावा, नातेवाईकाला कळवावे आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. वस्तीतील कोणालाही उचलले तर घोळक्याने ठाण्यासमोर ओरडून परत येऊ नका. अटकेची वेळ लिहून ठेवा. वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरा. पहिल्या रिमांडच्या वेळी वकील हजर असलाच पाहिजे, पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मार पडला असेल तर दंडाधिकाऱ्यापुढे तोंड उघडायला सांगा, जखमा दाखवायला सांगा. तिथे गप्प बसलेला माणूस पुढे वर्षानुवर्षे बोलला तरी त्याच्यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे म्हणून त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. आणि कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

आणखी एक काम आहे आणि ते घरातले आहे. पुढच्या वेळी पडद्यावर कोणाला उलटे टांगतील तेव्हा आपल्या मुलाच्या टाळ्या थांबवा आणि त्याला विचारा, "तो खरे बोलतोय हे तुला कसे कळले?" या एका प्रश्नाचे उत्तर दंडुक्यापाशी नाही. अमेरिकेपाशी नव्हते, मुंबईच्या तपासात सापडले नाही. सत्य शोधावे लागते, ते मारून काढता येत नाही.

जय भीम!